वाडगा वाळतोच आहे

अकराव्या रविवारी सकाळी बायको भाजी आणायला बाहेर पडली, तिच्या चपलांचा आवाज जिन्याच्या दुसऱ्या वळणापर्यंत गेला, आणि मग तपासनीसाने कागदी पिशवीतून वाडगा काढून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. काटा डुगडुगला आणि थांबला. नऊशे दहा ग्रॅम.

मागच्या रविवारी नऊशे तीस होतं. त्याच्या मागच्या रविवारी नऊशे पन्नास.

तपासनीस हा विमा कंपनीत दावे तपासायचा. लोकांचे अपघात खरे आहेत की नाहीत हे पाहून पोट भरणारा माणूस. उंदरांनी पियानो खाल्ला म्हणून नुकसानभरपाई मागणाऱ्या एका गृहस्थाच्या घरी जाऊन त्याने उंदीर मोजले होते. बारा वर्षांत तो एकच गोष्ट पक्की शिकला होता: खरे आकडे वेडेवाकडे असतात. दर रविवारी नेमके वीस ग्रॅम, हे लाकडाचं काम नव्हे. हे कुणातरी माणसाचं काम आहे.

आता वाडग्याच्या वजनात एवढं जीव जाण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल. तर त्यात एक खोली अडकली होती.

घराच्या मागच्या खोलीत तपासनीसाचा लेथ होता. त्यावर तो सुट्टीच्या दिवशी लाकडाचे वाडगे करायचा. करायचा म्हणजे, सुरुवात करायचा. झाडं छाटणाऱ्यांनी रस्त्यावर टाकलेलं ओलं लाकूड उचलून आणायचं, लेथवर गरगर फिरवायचं, पटाशी लावायची, ढलप्या खांद्यावरून भिंतीपर्यंत उडवायच्या, आणि संध्याकाळी गोल, गुळगुळीत वाडगा टेबलावर मिरवायचा. मंगळवारपर्यंत वाडग्याला तडा. सहा वाडगे झाले आणि सहाही गेले. एक तर जेवता जेवता तडकला, आणि सूप बायकोच्या मांडीवर.

"लेथ जाणार," बायको म्हणाली होती. ती शाळेच्या प्रयोगशाळेची प्रमुख होती आणि आवाज न चढवता बोलायची, त्यामुळे जास्त भीती वाटायची. "बाबा कायमचे राहायला येतायत. ते काय हॉलमधल्या सोफ्यावर झोपणार का? त्यांच्यासाठी पलंग सांगितलाय."

"एक संधी दे ना. एक वाडगा. न गळणारा."

"पलंग यायच्या आत."

म्हणून सातव्या वाडग्याच्या बाबतीत तपासनीसाने सगळं शिस्तीत केलं. तुतीचं ओलं लाकूड, आधी जाडच कोरलेलं. मग कागदी पिशवीत घालून कपाटात. दर रविवारी वजन करायचं. पाणी उडतं तसं वजन उतरतं. लागोपाठ तीन रविवार वजन हललं नाही, की समजायचं लाकूड वाळलं. मगच ते पुन्हा लेथवर चढवायचं आणि पातळ करायचं. त्याआधी हात लावला तर पुन्हा तडा. तेराशे चाळीसवरून सुरुवात झाली. मग बाराशे दहा, अकराशे वीस, असं उतरत उतरत सातव्या रविवारी नऊशे नव्वदला काटा जरा टेकल्यासारखा वाटला. तपासनीस खूश होता. आणि आठव्या रविवारपासून हे वीस ग्रॅमचं सुरू झालं.

पलंग पुढच्या सोमवारी येणार होता.

त्याने वहीत हिशेब मांडला. याच गतीने गेलं तर पंचेचाळीस रविवारांनी वाडगा जवळजवळ शून्य ग्रॅमचा होईल, आणि त्याच्या पुढच्या रविवारी छताला जाऊन लागेल. वही बंद करून तो कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेला.

"लाकूड आहे साहेब, वाळणारच," सुतार रंधा न थांबवता म्हणाला.

"पण किती वाळेल?"

"वाळेल तेवढं."

"शून्य होईपर्यंत?"

सुताराने रंधा थांबवला. "साहेब, तुम्ही बरे आहात ना? घरी सगळं ठीक?" आणि मग अगदी सहज आवाजात, "अजून वाळत असेल तर घाई करू नका हां. थांबा. आणि तो लेथ काढायचाच झाला, तर आधी मला विचारा."

तपासनीस परत येताना रस्ताभर या वाक्यावर विचार करत होता. थांबा म्हणणाऱ्याला लेथ हवा आहे. नोंद केली. पण सुतार दर शनिवारी तिसऱ्या मजल्यावर चढून, कपाट उघडून, वाडग्यातून वीस ग्रॅम काढून कसा नेत असेल? घरी येऊन त्याने मापाने वाडग्याच्या भिंतीची जाडी तपासली. काठाला, मध्ये, तळाला. केसभरही फरक नव्हता. कुणी खरवडत नव्हतं. कीड? भिंगातून पाहिलं. भोक नाही. मग वाडगा जागच्या जागी हलका होत होता तरी कसा?

अशा वेळी तपासनीस दावेदारांच्या घरात करायचा तेच त्याने स्वतःच्या घरात केलं. तारखा जुळवल्या. आठव्या रविवारपासून काय बदललं? उत्तर हॉलमध्ये सोफ्यावर बसून पेपर वाचत होतं.

सासरे.

सासरे सातव्या रविवारनंतरच्या मंगळवारी दोन बॅगा घेऊन आले होते. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, शांत, गोल चेहऱ्याचे, सगळ्याला "वा" म्हणणारे. पलंग आला की मागची खोली त्यांनाच मिळणार होती. म्हणजे वाडगा बिघडला तर फायदा कुणाचा? नोंद केली. आणि फ्रिजवर तर बायकोने त्यांच्या वजनाचा तक्ताच लावला होता, कारण डॉक्टरांनी त्यांचं खाणं मोजून द्यायला सांगितलं होतं. तक्त्यात दर रविवारचा आकडा: चौऱ्याहत्तर, चौऱ्याहत्तर सहा, पंचाहत्तर तीन, शहात्तर.

तपासनीसाने वही तक्त्याच्या शेजारी धरली. एका बाजूला वाडगा उतरत होता. दुसऱ्या बाजूला सासरे चढत होते. रविवारमागून रविवार. दहा मिनिटं, अगदी प्रामाणिकपणे सांगायचं तर पंधरा मिनिटं, त्याने सासरे वाडगा खात असल्याच्या शक्यतेचा विचार केला. मग ऐंशी ग्रॅम लाकडाने दोन किलो वजन वाढत नाही, एवढ्या एकाच कारणावरून ती बाजूला ठेवली.

"काय बघताय जावईबापू?" सासऱ्यांनी पेपर खाली केला.

"काही नाही बाबा. तुमची तब्येत."

"वा," सासरे म्हणाले, आणि पेपर पुन्हा वर गेला. जरा जास्तच लवकर वर गेला.

बुधवारी बायको मागच्या खोलीतून त्याच्यासमोर आली. हातात तीन कागदी पिशव्या. सातव्या वाडग्याबरोबर आणखी दोन वाडगे वाळत ठेवलेले होते त्या.

"हे काय आहे?"

"पिशव्या."

"ते दिसतंय. कपाटात, मागच्या बाजूला, कोटांच्या खाली. प्रत्येक पिशवीवर तारखा आणि ग्रॅम." तिने वाचून दाखवलं. "नऊशे पन्नास. नऊशे तीस. नऊशे दहा. दर आठवड्याला थोडं थोडं कमी होतंय. बाबांचं वजन दर आठवड्याला थोडं थोडं वाढतंय. मी इथे त्यांना तीस ग्रॅम चीज मोजून देते, आणि तू मागून त्यांना काय चारतोयस? बिस्किटं? सुकामेवा?"

"अगं, मी? मी कशाला चारू?"

"लाडके जावई व्हायला. म्हणजे ते म्हणतील, राहू दे त्याचा लेथ, मी झोपतो सोफ्यावर."

ही कल्पना आपल्याला आधी कशी सुचली नाही, याचं तपासनीसाला क्षणभर वाईट वाटलं. "उघडून बघ," तो म्हणाला.

तिने उघडली. आत वाडगा. दुसरी उघडली. वाडगा. तिसरीत वाडगा. तिचा संशय कमी झाला नाही. उलट त्याला बसायला नीट जागा मिळाली.

"लाकूड लपवून कोण ठेवतं?"

"लपवलं नाहीये, वाळत घातलंय."

"आणि ही वजनं कुठल्या काट्यावर केलीस?"

लाकूड स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचं नाही, हा घरातला सगळ्यात जुना कायदा होता. पहिल्या वाडग्याच्या वेळी काट्यावर चीक सांडून पुढे आठवडाभर सगळ्या पिठाला झाडाचा वास आला होता, तेव्हाचा.

"सुताराच्या," तो म्हणाला.

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

"सुताराचं दुकान रविवारी बंद असतं."

"मला उघडून देतो. चांगला माणूस आहे."

तिने त्याच्याकडे बघितलं. दावेदारांकडे आपण असंच बघतो, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि दावेदारांबद्दल थोडी दया आली. "सोमवारी पलंग येतोय," एवढंच बोलून ती पिशव्या ठेवून गेली.

त्याच संध्याकाळी ती सासऱ्यांचं जेवण मोजत होती आणि तो टेबलावर प्लेट मांडत होता. तिने काट्यावर चीजचा तुकडा ठेवला. काटा तीसवर थांबला. तुकडा साबणाच्या वडीएवढा होता.

"तीस ग्रॅम?" तपासनीसाने विचारलं.

"तीस. हल्लीचं चीजच हलकं यायला लागलंय. बटाटेसुद्धा." प्रयोगशाळेत ती मुलांना पहिल्याच तासाला सांगायची, डोळे फसवतात, काटा फसवत नाही. तिचा त्यावर मनापासून विश्वास होता. "काटा बघायचा, तुकडा नाही बघायचा."

सासरे टेबलाशी बसून नॅपकिन मांडीवर नीट पसरत होते. "वा," ते म्हणाले. "चीज हलकं असलेलं बरं. पचतं."

तपासनीसाच्या डोक्यात काहीतरी टक्कन बसलं.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना त्याने मिठाचा न फोडलेला पुडा आणला. अर्धा किलो, वर छापलेलं. काट्यावर ठेवला. चारशे वीस. खाली काढला, पुन्हा ठेवला. चारशे वीस. रिकामा काटा मात्र शून्यावर शहाण्या मुलासारखा उभा. तपासनीस गुडघ्यांवर बसला आणि काट्याच्या खालचा पितळी नॉब बघितला. शून्य जुळवायचा नॉब. त्याने तो किंचित मागे फिरवला, आणि सगळा डाव उलगडला. डायलवर शून्याच्या खाली एक बारीकशी खीळ होती. नॉब कितीही मागे पिळला तरी काटा त्या खिळीला टेकून शून्यच दाखवायचा. पण मग वर ठेवलेल्या वस्तूचे पहिले ऐंशी ग्रॅम काटा गिळून टाकायचा आणि त्याच्या पुढचं मोजायचा. तीस ग्रॅम चीज म्हणजे एकशे दहा. पावाचे तुकडे, बटाटे, प्रत्येकावर ऐंशी ग्रॅम बक्षीस. आणि नऊशे नव्वदचा वाडगा नऊशे दहा.

म्हणजे वाडगा केव्हाच वाळला होता. गेले पाच रविवार तो नऊशे नव्वदवर ठाम होता, आणि वाळत होता तो काटा.

शनिवारी दुपारी बायको शाळेच्या प्रदर्शनाला बाहेरगावी गेली, ती रविवारी संध्याकाळीच परतणार होती. तपासनीस "सुताराकडे जाऊन येतो" म्हणाला, दार आपटलं, आणि चप्पल हातात घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीआड उभा राहिला. चादर ओली होती. नऊ मिनिटांनी सासरे आले. हॉलमध्ये ऐकत थांबले, मग काट्यापाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि सिग्नलचा दांडा ओढावा तसा नॉब अगदी हळुवार, अगदी तज्ज्ञाच्या हाताने, किंचित मागे पिळला.

"जावईबापू," ते मागे न वळता म्हणाले, "चादरीखाली पाय दिसतायत तुमचे."

तपासनीस बाहेर आला. ओल्या चादरीने त्याचा एक खांदा भिजला होता. "बाबा, हे तुम्ही चार आठवडे करताय."

"पाच. आजचा धरून." सासऱ्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "तीस ग्रॅम चीज कधी बघितलंत का? चष्म्याशिवाय दिसत नाही. एकदम जास्त केलं असतं तर पोरीला कळलं असतं. म्हणून दर शनिवारी वीस ग्रॅमचं एकेक घर."

"आणि माझा वाडगा? तुमच्या या चीजपायी माझा लेथ जाणार होता! सोमवारी पलंग येतोय. मागची खोली तुम्हाला मिळावी म्हणूनच ना हे?"

सासऱ्यांचा चेहरा खरोखर दुखावला गेला. "मला? ती खोली? जावईबापू, त्या खोलीतून फ्रिजकडे यायचं तर तुमच्या बेडरूमच्या दारावरून यावं लागतं. आणि पोरगी मांजरासारखी जागी होते, लहानपणापासून. सोफा ते फ्रिज सहा पावलं आहेत, मध्ये दार नाही. मला त्या खोलीत टाकू नका हो. तुमचा लेथ राहावा म्हणून मी रोज मनातल्या मनात देवाला सांगतोय."

तपासनीसाने बारा वर्षांत अनेक कटातले साथीदार पकडले होते, पण स्वतःच्या कटातला साथीदार पहिल्यांदाच भेटत होता.

"मी तिला सांगणार," तो उगाच म्हणाला.

"सांगा की. मग ती विचारेल, तुला काटा खोटा आहे हे कळलं कसं? मग तुम्ही म्हणाल, वाडगा ठेवून. स्वयंपाकघरातल्या काट्यावर."

तपासनीसाने काटा उचलून सासऱ्यांसमोर ठेवला.

"नॉब सरळ करा," शेवटी तो म्हणाला. "आत्ता. माझ्यासमोर. मी काही बघितलं नाही."

सासऱ्यांनी नॉब सरळ केला. मिठाचा पुडा ठेवला. पाचशे. वाडगा ठेवला. नऊशे नव्वद. दोघांनी तो आकडा गुपचूप, टाळी न देता, साजरा केला.

रविवारी सकाळपासून मागच्या खोलीत लेथ घरघरत होता. वाळताना वाडगा किंचित लांबोडका झाला होता. फिरायला लागला की आधी पटाशी टकटक टकटक नुसती एका बाजूला लागायची. तपासनीसाच्या कपाळावर घाम होता. सासऱ्यांचा हिशेब चुकला असेल, किंवा त्याचा, आणि आत ओल राहिली असेल, तर सगळं संपलं. पण हळूहळू टकटक थांबली आणि एकसारखी सरसर सुरू झाली. ढलप्या लांब, पातळ, कोरड्या. दुपारी त्याने पॉलिश पेपर मारला, खायचं तेल चोळलं आणि वाडगा मधाच्या रंगाचा होऊन बसला.

रात्रीच्या जेवणाला बायकोने त्यात उकळतं सूप ओतलं आणि घड्याळ लावून वीस मिनिटं त्याच्याकडे बघत बसली. आपण जिवंत आहोत याचा पुरावा देणाऱ्या माणसासारखा तपासनीस समोर बसला. सूप गळलं नाही. तडा गेला नाही. तिने वाडगा उचलून तळाशी बोट फिरवलं. कोरडं.

"बरं," ती म्हणाली. म्हणजे लेथ राहिला. "पलंग हॉलमध्ये लावू."

"वा," सासरे म्हणाले. एवढ्या भावनेने त्यांनी तो शब्द आजवर उच्चारला नव्हता.

मग तिने सासऱ्यांसाठी चीज मोजायला घेतलं. काटा तीसवर थांबला. काट्यावर काडेपेटीच्या अर्ध्याएवढा एक पापुद्रा होता. तिने काट्याकडे बघितलं, पापुद्र्याकडे बघितलं. पाव ठेवला, एकच तुकडा बसला. बटाटा ठेवला, अर्धाच.

"कालपर्यंत केवढं यायचं," ती हळूच म्हणाली, "आणि आज एवढंसं?"

दोन्ही पुरुष आपापल्या चमच्याकडे बघत होते.

"काटा बिघडला," तिने निकाल दिला. "म्हटलंच मी, बाबांचं वजन का वाढतंय. या काट्याचा आता भरवसा नाही." आणि महिन्याभरात पहिल्यांदाच खरं बोलणारा तो काटा तिने उचलून अडगळीत नेऊन ठेवला. परत आली, ओट्यापाशी उभी राहिली, आणि तिची नजर वाडग्यावर स्थिरावली. "हे बरं आहे. बाबा, उद्यापासून हा तुमचा. एका जेवणाला एकदा, काठापर्यंत, सपाट. वाडगा काही कमीजास्त होत नाही."

पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका रविवारी तपासनीस पटाशीला धार लावत असताना ती मागच्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं.

"एक काम आहे. बाबांना कळता कामा नये. त्यांचं वजन उतरत नाहीये. तू याच्यासारखाच दुसरा वाडगा कर. बाहेरून अगदी असाच, हाच रंग, हाच काठ. आतून बोटभर उथळ. ते बाहेरूनच बघतात."

"अगं, पण हे..."

"जमेल की नाही?"

"जमेल."

ती गेली. अर्ध्या तासाने सासरे आले. त्यांनीही दार लोटून घेतलं.

"जावईबापू, पोरीला कळू देऊ नका. ह्याच्यासारखाच आणखी एक. बाहेरून हाच. आतून बोटभर खोल. ती काठच बघते."

तपासनीसाने दोघांनाही हो म्हटलं. त्याने तुतीचे दोन ओले ठोकळे घेतले, दोन वाडगे जाडच कोरले, दोन कागदी पिशव्यांत घातले आणि दोघांनाही, वेगवेगळं गाठून, तेच सांगितलं: लाकडाला घाई चालत नाही, वाळायला चार महिने तर लागतीलच, जास्तही लागतील, आणि तोवर लेथ जागचा हलवून चालणार नाही. दोघांनीही गंभीरपणे मान डोलावली.

पहिल्या रविवारी त्याने अडगळीतला काटा आणून दोन्ही पिशव्यांचं वजन केलं. मागच्या खोलीला वारा चांगला होता. दोन्ही वाडगे एकाच आठवड्यात दीडदीडशे ग्रॅमने उतरले होते. तपासनीसाने ते आकडे पाहिले, थोडा विचार केला, आणि उठून खिडकी लावून घेतली.